कारणाचा रकाना

चौतीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत काढली,
दर तासाला लॉगशीट भरली: दाब, तापमान, पातळी.
तिथल्याच एका कोऱ्या राहिलेल्या डायरीत
आता विजेच्या गाडीचा हिशेब लिहितो.
यात गंमत आहे असं शालन म्हणते.
मला अजून सापडलेली नाही.

रकाने सहा. तारीख, किलोमीटर,
गाडीने सांगितलेली युनिटं, मीटरने सांगितलेली युनिटं,
रुपये, कारण.
शेवटचा आखला तो पानावर जागा उरली म्हणून.

गाडी म्हणते सव्वीस पूर्णांक एक.
जिन्याखालचा मीटर म्हणतो एकोणतीस पूर्णांक तीन.
तीन युनिटं आणि वर चिल्लर
वायरीत, चार्जरच्या डब्यात, बडोद्याच्या उकाड्यात
कुठेतरी सांडतात.
वाफेची गळती मी नुसत्या कानाने ओळखायचो.
ही ऐकू येत नाही.
रात्री दोनदा उठून केबलवर हात ठेवला.
कोमट होती, ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळाइतकी.

"गाडी केटलामां पडे छे, काका?"
वरच्या मजल्यावरचा धैवत विचारतो.
एक रुपया सहा पैसे, किलोमीटरमागे, मी सांगतो.
तो पेट्रोलला शिव्या घालू लागतो
आणि मी, खाल्ल्या मिठाची आठवण होऊन,
विषय बदलतो.

पण विमा कुणी धरायचा?
एकवीस हजार नऊशे. वर्षाचं धावणं सात हजार तीनशे.
भागाकार तीन, बाकी शून्य.
म्हणजे चालणं एक रुपयाचं
आणि नुसतं असणं तीन रुपयांचं.
टायर अजून धरलेले नाहीत.
घरी बसलेल्या माणसाची गाडी
जितकी कमी फिरेल तितका तिचा एकेक किलोमीटर महाग.
हे पेन्सिलीने लिहिलं, शालनला वाचून दाखवलं.
ती मेथी निवडत होती.
म्हणाली, मग फिरवा की.

एक खर्च मात्र कुठे मांडावा कळत नाही.
स्कूटर होती तेव्हा मांजलपूरच्या वळणावरच
तिला आवाज कळायचा.
मी स्टँडवर लावून, चपला काढून आत येईपर्यंत
आधण वर आलेलं असायचं.
ही गाडी चोरपावलांनी येते.
मी दारात, आणि शालन दचकून, "अगबाई, आलात?"
मग चहा ठेवते. सात मिनिटं.
रोजची सात, वर्षाचे बेचाळीस तास.
बेरीज केली, लिहिली नाही.

रविवारी सिंधरोटला गेलो, महीच्या काठी.
जाताना अठरा किलोमीटर, येताना बावीस,
कारण ती म्हणाली, हा रस्ता नको, तो घ्या.
भाजलेले दोन मके, चाळीस रुपये.
हा गाडीचा खर्च नव्हे, तरी खिशातून गेलाच.
काठावर ती काही बोलली नाही, मीही नाही.
पाणी खाली गेलेलं होतं.
बॅटरी एकसष्ट टक्के.

सोमवारी डायरी उघडली.
चाळीस किलोमीटर, माझ्या अक्षरात.
आणि शेवटच्या रकान्यात तिच्या, तिरप्या,
निळ्या बॉलपेनने:
उगाच.

असली नोंद मी शिफ्टवर कुणाची चालवून घेतली नसती.
लाल गोल केला असता, खुलासा मागितला असता.
खोडरबर हातात घेतलाही.
बॉलपेनवर त्याचं काय चालणार.

त्यानंतरच्या पानांवर ते तीनदा आलं आहे.
एकदा माझ्या अक्षरात.

हल्ली वळणावर दोनदा हॉर्न वाजवतो.
धैवतची आई खिडकीतून बघते.
हॉर्नला वीज किती लागते
ते मोजलेलं नाही.